दत्तासमोरची हजेरी

तिरोडकरबाई हजेरी घ्यायच्या ती दत्तासाठी. मुलुंडला टेकडीच्या पायथ्याशी दत्ताचं लहानसं देऊळ होतं आणि त्याच्या मागच्या हॉलमध्ये आमची माँटेसरी. तीसेक पोरं, बाई, आणि त्यांच्या हाताखाली नुकतीच कोर्स करून लागलेली मी. सकाळी पोरं मूर्तीसमोर रांगेत उभी राहायची. एकेकानं पुढे येऊन आपलं नाव सांगायचं, फूल ठेवायचं. मग जे आले नसतील त्यांची नावं बाई स्वतः सांगायच्या, कारणासकट. "सुनीलला सर्दी झालीय. अलका मामाकडे गेलीय. लक्ष ठेव रे बाबा." मध्येच एखादं पोर म्हणायचं, अलका घरीच आहे, झोपलीय. बाई लगेच मूर्तीकडे वळून दुरुस्ती करायच्या. "देवाक खोटा सांगूचा नाय," हे त्यांचं मालवणी पालुपद.

मला हसू यायचं. देवाला रजेचे अर्ज पोचवायचे असतात हे कोर्समध्ये कोणी शिकवलं नव्हतं. पण शिकवायला बसल्या की मी बघत राहायची. पदर खोचून जमिनीवर बसायच्या, पोराचं बोट धरून सँडपेपरच्या अक्षरावरून पुन्हा पुन्हा फिरवायच्या. मी घाई केली की म्हणायच्या, "आधी बोटाला कळू दे गं, शैला." आवाज चढलेला मी कधी ऐकला नाही.

एका ऑगस्टमध्ये सुनील तीन दिवस आला नाही. चार वर्षांचा, गालाला खळी पडणारा, ठोकळ्यांचा मनोरा रचून स्वतःच टाळ्या वाजवणारा. पोट बिघडलंय, असं शेजारच्या मुलीनं सांगितलं. बाईंनी तिन्ही दिवस दत्ताला तसं कळवलं. चौथ्या सकाळी त्याचा काका आला आणि सुनील गेला, एवढं दारातूनच सांगून परत फिरला.

आम्ही त्याच्या खोलीवर गेलो. बाप गिरणीतला, तेव्हा संपामुळे घरीच बसलेला, भिंतीकडे तोंड करून होता. सुनीलची आई बाईंना म्हणाली, "पाणी दिलं की उलटत होता, म्हणून मी पाणीच बंद केलं. बरोबर केलं ना, बाई?"

बाईंनी तिचा हात घट्ट धरला. साखर-मिठाचं पाणी घोट घोट द्यायचं असतं, हे त्यांनी पालकांच्या सभेत कितीदा सांगितलं होतं. सुनीलची आई चार घरची भांडी घासायची, सभेला कुठून येणार? उतरताना बाई पायरीवरच बसल्या. "तीन दिवस मी दत्ताला सांगत होते गं. घर सात मिनिटांवर होतं."

त्यानंतर हजेरी चालू राहिली, पण 'लक्ष ठेव' हे शब्द त्यांच्या तोंडून परत आले नाहीत. बारा वाजता शाळा सुटली की न आलेल्या प्रत्येक पोराच्या घरी त्या जायच्या. देवळाच्या कमिटीतले एक गृहस्थ म्हणाले, हे तुमचं काम नाही. बाईंनी ऐकून घेतलं आणि त्याच दुपारी दोन घरं केली. मीही मागून जायची, पोटात कावळे ओरडत असायचे म्हणून कुरकुरतच. "देवाला सांगितलं की आपल्याला वाटतं, झालं आपलं काम," त्या म्हणायच्या. पोरांच्याही ते अंगवळणी पडलं. हजेरी संपली की विचारायची, आज कोणाकडे जायचं?

दोन वर्षांनी, एका गुरुवारी बाईच आल्या नाहीत. नाहूरला एका खोलीत त्या एकट्या राहायच्या. शेजारणीचा देवळात फोन आला, ताप आहे म्हणून. मी दत्तासमोर उभी राहिले, कारणासकट सांगितलं, आणि बाईंचं जुनं वाक्य नकळत म्हणून गेले, लक्ष ठेव. अलकाच्या धाकट्या बहिणीनं, मंगलनं, लगेच विचारलं, "ताई, मग आज बाईंकडे जायचं?"

बाई लांब राहतात, मी रविवारी जाईन, असं मी सांगितलं. मुलुंडहून नाहूर एक स्टेशन. पण शुक्रवारी मला बघायला माणसं येणार होती, घरात आवराआवर चालली होती. शनिवारी त्या माणसांचं काय ठरतंय याचीच धाकधूक.

रविवारी मोसंबी घेऊन गेले तर दाराला कुलूप. शनिवारी संध्याकाळी त्यांना हॉस्पिटलात नेलं होतं, पहाटे त्या गेल्या होत्या. शेजारीण माझ्या हातातल्या पिशवीकडे बघत म्हणाली, "तूच का ती शाळेतली? रोज बारा वाजले की मला दार उघडं ठेवायला लावायची. म्हणायची, शाळा सुटली, आता शैला येईल."

सोमवारी पोरं रांगेत उभी राहिली. फुलं ठेवून झाली. बाईंचं नाव मलाच सांगायचं होतं आणि मी ठेवलेली फुलंच पुन्हा नीट लावत राहिले. मंगलनं माझी ओढणी ओढली. "ताई, गेला होतात ना बाईंकडे?"

समोर दत्त होता. खोटं सांगता येण्यासारखं नव्हतं.

"गेले होते," मी म्हणाले, "पण उशिरा गेले."