भेटीचा दीन

पाटीकाकांनी चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या. कधी हात थरथरला नाही की ऱ्हस्वदीर्घ चुकलं नाही. पुढे छापील फलक आले नि धंदा बसला; पण काका रडत बसले नाहीत. ज्या दुकानांच्या पाट्या केल्या, त्यांचीच बंद दारं कॅनव्हासवर रंगवायला लागले. दारं अशी, की कडी वाजवावीशी वाटावी.

आता त्यांना एकच हवं होतं: कलादालनातली एक भिंत, आठ दिवसांसाठी. ती देणं न देणं व्यवस्थापकसाहेबांच्या हाती. साहेबांना खूश करायच्या तऱ्हा चित्रकारांना पाठ होत्या. एक जण त्यांच्या कविता ऐकायचा, एकीने त्यांच्या कुत्र्याचं चित्र काढून दिलं. लाळ घोटणं हीसुद्धा कलाच, पण काकांच्या हातात ती नव्हती. काकूंनी बजावलं होतं, "तोंडाला कुलूप लावून जा. शहाणपणा नको."

तीन सोमवार भेट न होताच परतल्यावर चौथ्या सोमवारी काका नऊ चित्रांचं बोचकं घेऊन साहेबांच्या खोलीबाहेर बाकावर बसले. समोर दारावर नवी पाटी: 'चित्रकारांसाठी भेटीचा दीन – सोमवार'. काकांनी मान वळवली. डोळे मिटले. तरी तो 'दी' काही दिसायचा थांबेना.

आत बोलावल्याबरोबर तोंडातून निघूनच गेलं, "साहेब, दिन ऱ्हस्व हवा. दीर्घ केला की आम्ही दीन होतो. म्हणजे आहोतच, पण दारावर कशाला लिहायचं?"

पाटी साहेबांनी स्वतः लिहिली होती. ते लालबुंद झाले, उठून पाटी पाहून आले, नि हसू दाबता दाबता खोकले. मग दालनाच्या सगळ्याच पाट्या करून द्या, भिंतीचं नंतर बघू, म्हणाले.

दुसऱ्या कुणीही मान डोलावली असती. काका म्हणाले, "पाट्या करतो, मजुरी घेऊन. चित्रांचं वेगळं. ती आधी उघडून तर बघा. नाही आवडली तर नाही म्हणा."

तीन सोमवार न सुटलेली गाठ साहेबांनी सोडली. एकेक दार खिडकीच्या उजेडात नेऊन पाहिलं.

काका घरात शिरले ते धुमसतच. "दोन नाकारली त्याने. त्याला दारांतलं काय कळतंय?"

बाकीच्या सातांचं काय, काकूंनी विचारलं.

"ती लागतायत पुढच्या महिन्यात," काका म्हणाले, आणि पुन्हा त्या दोन चित्रांची बाजू मांडू लागले.