झाकण उघडणारा केमिस्ट

कापड रंगवण्याच्या कारखान्यातला केमिस्ट स्वतःला जंतूंचा मास्तर समजायचा. शनिवारपर्यंत टाकीतल्या जंतूंनी सांडपाण्याचा लाल रंग घालवला नाही, तर घरी बसा, असं साहेबांनी त्याला बजावलं होतं. म्हणून तो तासातासाला झाकण उघडून, गाळ ढवळून, वाकून बघायचा. पाणी लालच्या लाल!

मंगळवारी बायकोने त्याच्या पिशवीतून आठवडाभर विसरलेली नमुन्याची बाटली काढली. "अहो, हे पाणी कसलं?"

त्याच टाकीतलं पाणी, गाळासकट काठोकाठ भरून घट्ट बूच लावलेलं. लाल रंगाचा मागमूस नव्हता. त्याने कपाळावर हात मारला. हे जंतू हवा नसली तरच रंगाचे रेणू तोडतात, हे तोच सगळ्यांना शिकवायचा. आणि झाकण उघडून हवा आत सोडणारा दीडशहाणाही तोच!

"मग आता काय करणार?"

"काहीच नाही."

"ते जमेल तुम्हाला?"

नाहीच जमणार, म्हणून त्याने झाकणाला कुलूप घालून किल्ली वॉचमनकाकांकडे दिली. "मी पाया पडलो तरी देऊ नका." त्याने दोनदा मागितली. काकांनी दिली नाही.

शनिवारी टाकीच्या नळातून लाल रंग गेलेलं पाणी आलं. साहेब खूश झाले. "काय केलंत हो?"

"हात बांधून बसलो, साहेब. तेही काकांनी बांधले."