‘भूक’ नावाचा फोटो

जेवण झाल्यावर ताट रिकामे असते. एवढी साधी गोष्ट मला कुणाला समजावून सांगावी लागेल, असे कधी वाटले नव्हते. पण गेल्या हिवाळ्यात भंडाऱ्याच्या एका सभागृहात, पांढऱ्या भिंतीवर, असे एक रिकामे ताट टांगलेले मी पाहिले. ताटाशेजारी डोळे मिटून कपाळाला हात लावलेली एक बाई होती. अंगावर विटलेले लुगडे, वरून पुरुषी शर्ट, बाह्यांना चिखल. चौकटीखाली ‘भूक’ असे नाव होते आणि त्याशेजारी पहिल्या बक्षिसाची लाल फीत. फोटो माझ्या विद्यार्थ्याने काढलेला होता. बाई माझ्या ओळखीची होती. आणि ती त्या दिवशी पोटभर जेवलेली होती.

मी आधी शाळेत चित्रकला शिकवत असे. नोकरी सोडल्यावर कॅमेऱ्याचे काम स्वतंत्रपणे करू लागले. मुख्यतः माणसांची छायाचित्रे: लग्न जुळवण्यासाठीची, निवृत्तीच्या निरोपाची, क्वचित एखाद्या आजोबांच्या पंच्याहत्तरीची. रविवारी सकाळी घराच्या पुढच्या खोलीत पाच-सहा हौशी मंडळींना शिकवते. शिकवण्याची माझी एक ठरलेली पद्धत आहे. पहिल्या दिवशी कॅमेरा हातात द्यायचा नाही. पुठ्ठ्याला आयताकृती खिडकी पाडायची आणि तिच्यातून तासभर नुसते पाहायचे. दुसऱ्या दिवशी उजेड कोणत्या बाजूने येतो, ते वहीत लिहायचे. तिसऱ्या दिवशी मी फळ्यावर एक वाक्य लिहिते: ‘जे बोलत नाही, ते चौकटीबाहेर ठेवा.’ हे वाक्य मी इतक्या वेळा लिहिले आहे, की लिहिताना त्याचा अर्थ तपासण्याची सवय मोडली होती.

रोवण्याच्या, म्हणजे धानाची रोपे लावण्याच्या, दिवसांत मी वर्गाला सानगडीच्या बाजूला घेऊन गेले. तलावाखाली एका ओळखीच्या बाईंची धानाची बांधी, म्हणजे बांध घातलेले शेत, आहे. त्यांच्या मोठ्या मुलीच्या लग्नातले फोटो मी काढले होते, त्यामुळे जाणे-येणे होते. शेत त्यांचे स्वतःचे, चिखलणीचा ट्रॅक्टर घरचा, तरीही रोवण्याला त्या बायकांच्या रांगेत वाकून उभ्या असतात. आकाश ढगाळ होते. अशा दिवशी चेहऱ्यावर काळ्या सावल्या पडत नाहीत, म्हणून शिकण्यासाठी तो उजेड फार चांगला. मी बांधावरून रीतसर परवानगी मागितली.

“काढा ना जी,” त्या म्हणाल्या. “पन शिकाले काढून राहिले ना? नाहीतर आमी हे असे. जुनं लुगडं, वरून ह्यायचा शर्ट. असा अवतार कुठं लावू नका.”

“फक्त शिकण्यासाठी,” मी म्हणाले. “कुठेही लावणार नाही.”

हा शब्द मी दिला होता. माझ्या वर्गाने नव्हे, मी. पुढचे सारे वाचताना ते वाचकांनी लक्षात ठेवावे.

पुढच्या रविवारी प्रत्येकाने आपला एकेक फोटो दाखवला. माझा एक विद्यार्थी पस्तिशीचा, चांगल्या नोकरीतला आणि वर्गात सर्वांत हुशार. त्याने हा फोटो कातरून, कृष्णधवल करून आणला होता. मी त्याची मोकळेपणाने स्तुती केली. हाताची तिरपी रेषा दाखवली, ताटाचा गोल दाखवला. कॅमेरा इतका खाली नेला म्हणून त्याला विशेष शाबासकी दिली. “मुद्दाम चिखलात उतरलो, मॅडम,” तो म्हणाला; त्या दिवशी मी बाकीच्यांबरोबर बांधीच्या दुसऱ्या टोकाला होते आणि तो परतला, तेव्हा त्याला चिखलाने भरलेलाच पाहिले होते. तिच्या शेजारी कोण होते, हे मी विचारले नाही. ती कपाळाला हात का लावून बसली आहे, हेही विचारले नाही. ज्या बाईच्या घरी मी चहा प्यायले होते, तिचा चेहरा मी रेषा आणि गोल म्हणून वाचला.

पुढे हिवाळ्यात भंडाऱ्याला छायाचित्रांचे प्रदर्शन भरले. फोटो तिथे गेल्याचे मला उद्‌घाटनाच्या दिवशी कळले. एक परीक्षक ध्वनिक्षेपकावरून त्या ‘नम्र, भुईला टेकलेल्या दृष्टिकोना’बद्दल भारावून बोलत होते. लोक भुकेसमोर उभे राहून सेल्फी काढत होते आणि मग बाहेर ठेवलेल्या समोशांकडे वळत होते.

मी विद्यार्थ्याला बाजूला घेतले. “मी त्यांना शब्द दिला होता. आणि हे नाव कुणी दिले?”

“मॅडम, ती बाई म्हणजे ती बाई नाहीच. ती सिम्बॉलिक आहे.”

“सानगडीला जाऊन तिला सांगा, की ती सिम्बॉलिक आहे.”

तो हसला. बक्षीस समारंभ झाला की बघू, म्हणाला. आणि मी, जिने वर्गात गृहपाठ न आणणाऱ्याला कधी दुसऱ्या दिवसाची सवलत दिली नाही, त्याला दोन दिवस दिले.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाईंचा फोन आला.

“मॅडम, मी कोनाच्या घरी उपाशी होती?”

“ऐका ना,” मी म्हणाले.

“सांगा ना. त्या फोटोत लिहून आहे म्हनते भूक. गावातली पोट्टी मोबाईल घेऊन दारात येऊन राहिली. मले म्हनतात, काकू, तुमी फेमस झाल्या. मी म्हटलं, झाली असन, पन कायच्यात?”

मग खरी गोष्ट बाहेर आली. त्यांच्या मुलाचे लग्न सिहोऱ्याकडे जुळत आले होते. मुलीकडचे एकदा येऊन, जेवून, घर पाहून गेले होते. साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख तेवढी ठरायची होती. आदल्या संध्याकाळी मुलीच्या मामांनी फोन केला. फोटो कुणीतरी त्यांना पाठवला होता. मामांनी एवढेच विचारले होते: “बाई, घरची सासू उपाशी, त येनारी सून काय खाईन?”

“चार पिढ्याची बांधी आहे आमची,” त्या म्हणाल्या. आता त्यांचा आवाज चढला होता. “अन हे पोरगं दोन मिनटात मले भिकारीन करून गेलं. तुमी म्हटलं होतं ना, शिकाले? काय शिकले मंग?”

मी म्हणाले, आज संध्याकाळपर्यंत फोटो उतरवते.

उतरवता आला नाही. संयोजकांनी मला खुर्ची दिली, पाणी दिले आणि सांगितले, की परीक्षकांचा निर्णय झालेला आहे. शीर्षक हे कलावंताचे स्वातंत्र्य आहे. “बाईंना वाईट वाटायला नको, उलट त्यांच्यामुळे विषयाला न्याय मिळाला,” असेही म्हणाले. मी म्हणाले, निदान मूळ पूर्ण फोटो शेजारी लावा, लोकांना दोन्ही पाहू द्या. त्यावर उत्तर आले, की सगळ्या चौकटी एका मापाच्या आहेत, मध्येच वेगळ्या मापाची लावली तर भिंत बिघडते. मी अनेक वर्षे मुलांना मापे शिकवली. माप हे कारण म्हणून इतक्या निर्लज्जपणे वापरलेले मी त्या दिवशी प्रथम पाहिले. शेवटी एकाने सांगितले, फोटोग्राफरने स्वतः फोटो मागे घेतला तर उतरवू, पण मग बक्षीसही परत द्यावे लागेल.

विद्यार्थी शेजारीच उभा होता. त्याने भिंतीवरच्या लाल फितीकडे पाहिले.

“मूळ फोटो आहे का तुमच्याजवळ?” मी विचारले.

होता. संगणकावर त्याने तो उघडला. रंगीत फोटो. बाईंच्या उजव्या हाताला त्यांची जाऊ, मागे कलंडलेली, तोंड इतके उघडे की पडलेल्या दाढेची जागा दिसावी. बाईंपुढे जेवून रिकामे झालेले ताट, मधे चार खणांचा डबा, त्यात अर्धा भात शिल्लक. मागे ट्रॅक्टर. आणि बाई? बाई हसत होत्या. मनापासून हसणाऱ्या माणसाचे हसू ओसरू लागले, की क्षणभर त्याचे डोळे मिटतात, ओठ वाकतात आणि हात कपाळाकडे जातो. तो क्षण एकटा पाहिला, तर रडण्यासारखा दिसतो. माणसांची छायाचित्रे काढणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असते. मला ठाऊक होते. मीच वर्गात सांगितले होते.

मी तो फोटो पूर्ण छापून घेतला आणि विद्यार्थ्याला सांगितले, की उद्या सानगडीला यायचे, नाहीतर रविवारी माझ्या दारात यायचे नाही. तो आला.

अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. सिहोऱ्याचे मामा येऊन बसले होते. मी फोटो घेऊन येते असे कळवल्यावर बाईंनी त्यांनाच मुद्दाम बोलावून घेतले होते. पांढरे धोतर, हातात मोबाईल, चेहऱ्यावर चौकशीचा भाव. मी मोठा फोटो त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो दूर धरून पाहिला, जवळ आणून पाहिला.

“हे त हासून राहिल्या,” ते म्हणाले.

“हासून नाही त काय?” जाऊ म्हणाली. ती दारातच उभी होती. “पोट दुखे तोवर हासलो आमी.”

“पन हासत कायले होत्या?”

दोघी जावा एकमेकींकडे पाहू लागल्या. बाईंनी पदराने तोंड झाकले. जाऊ विद्यार्थ्याकडे वळली. “सांगू का भाऊ, का तुमीच सांगता?”

विद्यार्थी खाली पाहत होता.

“हा भाऊ आला जी आमच्यापाशी. आमी जेवून राहिलो होतो. म्हने, मावशी, नॅचरल राहा, मी इथं नाहीच असं समजा. असं म्हनून मांगं मांगं सरकला, अन धडाम! बांधावरून गेला बांधीत, कमरेलोक चिखलात. एक बूट आत रुतला तो रुतलाच. मी म्हटलं, बाई वं, हा म्हने नाही समजा, आता त खरंच नाही राहिला!”

मामांचे खांदे हलू लागले. मग ते मोठ्याने हसले.

“अन चिखलातूनच फटाफट फोटो काढून राहिला,” जाऊ म्हणाली. “आमाले वाटलं, लाज झाकाले काढून राहिला.”

तर हा तो नम्र, भुईला टेकलेला दृष्टिकोन. माणूस पडला, बायका त्याला हसल्या, आणि त्याने त्यांचे हसणे कातरून त्यांच्या अंगावर भूक नेसवली. त्यासाठी त्याला टाळ्या मिळाल्या. मी स्वतः त्याला शाबासकी दिली होती. रागाने माझे कान तापले. त्या रागाचा किती भाग त्याच्यावर होता आणि किती माझ्यावर, याचा हिशेब मी अजून लावू शकलेले नाही.

मामा डोळे पुसत म्हणाले, “चला, मिटलं. गैरसमज झाला.”

बाई मात्र उठून उभ्या राहिल्या. पदर खोचला.

“नाही मिटलं, मामाजी. याचं सोडा, हा परका मानूस. तुमी? तुमी ह्याच अंगनात बसून जेवले. भात तीनदा घेतला, मीच वाढला. तुमच्या पोटानं जे पाह्यलं ते खोटं, अन मोबाईलनं दाखवलं ते खरं? मले फोन करून इचारता, सून काय खाईन?”

मामांनी मोबाईल खिशात ठेवला. वयाने मोठा माणूस, पण त्यांनी हात जोडले. “चुकलं बाई. तुमचं बरोबर आहे.”

“मंग तारीख तुमी नाही, आता मी सांगन.”

“सांगा.”

परत येताना विद्यार्थी पहिल्यांदा बोलला. “मॅडम, ते बुटाचं वर्गात नका सांगू.” मला वाटले होते, तो बाईंबद्दल काही बोलेल. दुसऱ्या दिवशी त्याने अर्ज देऊन फोटो मागे घेतला. पश्चात्ताप म्हणून घेतला असता, तर मी त्याला क्षमा केली असती. मामांचे हसणे भंडाऱ्यापर्यंत पोचण्याआधी घेतला, हे मला माहीत आहे. प्रदर्शन संपेपर्यंत भिंतीवरची जागा दोन दिवस रिकामी राहिली, आणि भिंत काही बिघडली नाही. मोबाईलवरचा फोटो मात्र कुणी उतरवू शकत नाही. मागच्याच आठवड्यात तो मला एका सुप्रभाताच्या संदेशात आला, खाली कुठल्याशा दानधर्माचे वचन. पाठवणाऱ्या निवृत्त मुख्याध्यापकांना मी सविस्तर उत्तर लिहिले. त्यांनी दोन जोडलेल्या हातांची खूण पाठवली.

साक्षगंधाचे आमंत्रण मला आले. बाईंनी स्वतः फोन केला. “तुमी या मॅडम. आठवनीनं या. पन कॅमेरा नका आनू.”

क्षणभर मला लागले. ज्या घरच्या पहिल्या लग्नाची प्रत्येक छबी मी टिपली होती, त्या घरात मी रिकाम्या हाताने जायचे? मग मी हो म्हणाले. हो म्हणण्याशिवाय माझ्याजवळ दुसरे प्रामाणिक उत्तर नव्हते.

मी गेले. फोटो जाऊ काढत होती, मोबाईलवर. सूर्य समोर ठेवून, कुणाचे पाय कापून, कुणाच्या डोक्यातून मांडवाचा खांब उगवलेला. माझा हात दोनदा पुढे झाला, दोनदा मी तो मागे घेतला. होणाऱ्या सुनेला कुंकू लावताना बाई वळल्या आणि काहीतरी बोलून हसल्या. तो क्षण जाऊने टिपला, हे मी पाहिले. जेवण झाल्यावर मी तिच्याजवळ गेले आणि तो एक फोटो मला पाठवशील का, असे विचारले.

जाऊने मोबाईल कंबरेला खोचला. “तिले इचारतो,” ती म्हणाली. “हो म्हनली त पाठवतो.”

फोटो अजून आलेला नाही. मी पुन्हा मागितलेला नाही.