आमच्या दाराला कडुनिंब

चेन्नईतल्या आमच्या अड्यारच्या शाळेला नियमांचं वावडं नाही. मुलींच्या दोन वेण्या वर दुमडून रिबिनीने बांधलेल्या हव्यात, नखांना रंग नको, हाताला मेंदी नको, बुधवारी पांढरे बूट हवेत, आणि खडू घासून पांढरे केलेले चालणार नाहीत. यातल्या एकाही नियमावर कधी कुणा पालकाने हूं की चूं केल्याचं मला आठवत नाही. मंगळवारी संध्याकाळी घरोघरी बूट घासणं चालू असतं.

म्हणून मला वाटलं होतं, की कांजिण्यांच्या लशीचा नियमही असाच बिनबोभाट होऊन जाईल.

नियम हवा होता तो एका मुलीसाठी. माझ्या मुलीची वर्गमैत्रीण, तिच्याच बाकावर बसणारी, रक्ताच्या कर्करोगाच्या उपचारांमुळे वर्षभर घरी होती आणि जूनमध्ये शाळेत परत येणार होती. तिला स्वतःला इतक्यात लस देता येणार नव्हती. कांजिण्या झाल्या तर आपल्या पोरांचं खाजवण्यावर भागतं, तिचं तसं भागलं नसतं. तिच्या आईने हे मला शाळेच्या फाटकाशी उभं राहून सांगितलं, आवाज जराही न चढवता. तिच्या वाट्याची लस बाकीच्यांनी घ्यायची, एवढंच त्या बाईचं मागणं होतं. मी पालक समितीवर होते. बँकेच्या कर्जविभागात काम करते, त्यामुळे लोकांकडे कागद मागायची मला लाज वाटत नाही. सुट्टीनंतर वर्गात बसायचं तर लशीचा दाखला आणा, असा मसुदा मी त्याच आठवड्यात करून दिला.

मग सभा झाली आणि बुटांना निमूट पॉलिश करणाऱ्या पालकांना एकाएकी व्यक्तिस्वातंत्र्य आठवलं. सगळ्यांत पुढे होते आमच्याच इमारतीत चौथ्या मजल्यावर राहणारे एक गृहस्थ. माझ्या मुलीच्या शरीरात काय जावं हे शाळेने ठरवू नये, असं ते म्हणाले. मी म्हटलं, मुलीच्या डोक्यावर काय असावं, पायात काय असावं हे शाळा ठरवते तेव्हा तुम्ही कुठे असता? हशा पिकला. हशा पिकला की आपलं म्हणणं पटलं असं समजायची मला वाईट खोड आहे. पण नियम मंजूर झाला खरा. त्या दिवसापासून हे गृहस्थ लिफ्टमध्ये भेटले की माझ्याकडे न बघता मजल्यांच्या आकड्यांकडे बघू लागले.

शाळा सोमवारी उघडायची होती. शनिवारी सकाळी माझी मुलगी फ्रॉक वर करून माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "आई, डास बघ कुठे कुठे चावलेत."

ते डास नव्हते. मैलापूरच्या आमच्या डॉक्टरांनी एका नजरेत सांगितलं, कांजिण्या. मी म्हटलं, अहो, लस घेतलीय हिने, तुम्हीच दिलीत. ते म्हणाले, म्हणून तर एवढ्याशा आल्यात, नाहीतर पाय ठेवायला जागा राहिली नसती. लस घेऊनही कधीकधी होतात; हलक्या होतात, पण दुसऱ्याला लागू शकतात. खपल्या वाळेपर्यंत घरात ठेवा. डॉक्टरांचं सगळं बोलणं मला पटलं. चौथ्या मजल्याला ते कसं पटवायचं, एवढाच प्रश्न होता. नियम करणाऱ्या बाईच्याच घरी कांजिण्या! त्या माणसाला आयतं कोलीत मिळणार होतं.

शाळेत कळवायला मुख्याध्यापिकाबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "दाखला जमा आहे ना? मग हरकत नाही, सिस्टीममध्ये ती हिरवी दिसतेय. येऊ दे तिला." म्हणजे माझ्या नियमाने लस न घेतलेलं धडधाकट पोर फाटकाबाहेर राहणार होतं आणि माझी फोड आलेली लेक सन्मानाने आत जाणार होती. मी सांगितलं, अहो, तिला कांजिण्या झाल्यात. मग विज्ञान शिकवून मुख्याध्यापिका झालेल्या त्या बाई आवाज अगदी खाली आणून, कांजिण्यांचं इथलं तमिळ नाव घेत म्हणाल्या, "अम्मै का? मग तिसरं पाणी झाल्याशिवाय मुळीच पाठवू नका हं."

तिसरं पाणी म्हणजे काय, हे मला आमच्या शेजारच्या आजींनी सांगितलं. आजी तंजावरच्या मराठी घराण्यातल्या. आम्ही पुण्याहून बदली होऊन इथे आलो, तेव्हा दाराबाहेर मराठी ऐकून मला भरून आलं होतं. मग लक्षात आलं, की त्यांचं मराठी माझ्या पणजीला जास्त कळलं असतं. लहानपणी त्यांना कांजिण्या होऊन गेल्या होत्या, त्यामुळे त्या बेधडक आमच्या घरात आल्या. मुलीचा चेहरा बघून त्यांनी आधी हात जोडले आणि मग मला फर्मानं सोडली. अम्मन, म्हणजे देवी, घरात आली आहे. फोडणी द्यायची नाही. ताक, शहाळं, कूळ म्हणजे नाचणीची आंबील, एवढंच द्यायचं. एक दिवसाआड हळद आणि निंबाचा पाला घातलेलं पाणी डोक्यावरून घालायचं, असं तीनदा; मगच मूल घराबाहेर. "आणि इला रागावूं नक्को हां. अत्तां ही तुझी लेंक नव्हे."

शेवटचं वाक्य मुलीने बरोबर उचललं. दुपारी पाढे म्हण म्हटलं तर ती कॅलामाइन लावलेल्या गुलाबी तोंडाने शांतपणे म्हणाली, "अम्मन पाढे म्हणत नाही." नवऱ्याकडे तक्रार करायची सोय नव्हती. त्याला लहानपणी कांजिण्या झालेल्या नव्हत्या आणि लस घ्यायचं तो दरवर्षी ठरवत होता. त्याने शहराबाहेर गुम्मिडिपूंडीला आपल्या कारखान्याच्या गेस्ट हाऊसवर मुक्काम हलवला आणि तिथून फोनवर मला धीर देत राहिला.

हे सगळं मी हसून घेतलं असतं. पण रविवारी सकाळी दार उघडलं तर चौकटीला कडुनिंबाचा हा एवढा डहाळा, सुतळीने घट्ट बांधलेला. चेन्नईत दाराला असा डहाळा दिसला की पाटी वाचावी लागत नाही. पेपरवाल्याने पेपर जिन्यातच ठेवला होता. कामवाली डहाळा बघून नमस्कार करून खालच्या खाली परत गेली होती, ते मला नंतर कळलं. माझ्या डोळ्यांपुढे फक्त चौथा मजला होता. लिफ्ट बंद पडली, आणि ती आठवड्यातून एकदा पडतेच, की हे गृहस्थ याच जिन्याने चढणार.

मी कात्री घेऊन बाहेर आले. आजी जणू दारामागेच उभ्या होत्या.

"काढूं नक्को."

"आजी, डॉक्टरांचं औषध चालू आहे. पाल्याने काही होत नाही."

"पाला इला नव्हे, येणाऱ्यांस आहे. कोण्ही आंत येऊं नये म्हणून."

"त्यासाठी शाळेत दाखला दिलाय ना."

"दाखला दाराला बांधतां येतो काय गे?"

वयाचा मान म्हणून मी आत आले. खरं म्हणजे मी ठरवलं होतं, की दुपारी आजी झोपल्या की डहाळा उतरवायचा. कात्री चपलांच्या कपाटावर तयार ठेवली. पण आदली रात्र मुलीची खाज शमवण्यात गेली होती. आजींना झोप लागायची वाट बघताबघता मलाच झोप लागली.

फोनच्या आवाजाने जागी झाले तर उन्हं कलली होती. फोन मैत्रिणीच्या आईचा होता.

"तुमच्या इमारतीखालीच आहोत आम्ही," ती म्हणाली. "वर आलो होतो. दाराशी निंब बघितला आणि परत फिरलो. छोटीला अम्मै झालीय का?"

ती दिलगिरीच्या सुरात सांगत होती, की उद्या शाळा म्हणून लेकीला नवा गणवेश आजच मैत्रिणीला दाखवायचा होता, न सांगता येऊन चकित करायचं होतं. "एरवी कुणाकडे जायचं तर मी आधी दहा प्रश्न विचारते. तुमच्याकडे विचारायची गरजच नाही वाटली. नियम तुम्हीच तर केला."

बेल वाजली असती तर दार मुलीनेच उघडलं असतं. बेल वाजली की ती माझ्याआधी धावते. आणि वर्षभरानंतर मैत्रीण समोर दिसल्यावर तिने काय केलं असतं, ते मला सांगायला नको. मी दाखला, सिस्टीम, चौथा मजला, सगळं विसरून पलंगावर बसून राहिले.

मुलगी तोवर बाल्कनीत पोहोचली होती. मीही गेले. आमचा मजला दुसरा, त्यामुळे खालचं सगळं स्पष्ट दिसतं. मैत्रीण फाटकाशी उभी होती, रविवार असून पुऱ्या गणवेशात, बूट पांढरेशुभ्र. केस अजून आले नव्हते म्हणून डोक्यावर टोपी होती आणि टोपीच्या दोन्ही बाजूंना आईने शाळेच्या रिबिनी शिवून दिल्या होत्या, नियमाप्रमाणे दोन. माझी लेक वरून ओरडली, "माझी जागा धरून ठेव!" खालून ती ओरडली, "किती पाणी राहिली?" हिने तीन बोटं दाखवली. ओरडा ऐकून आजीही आमच्या बाल्कनीत आल्या. मग पोरी दोघी कितीतरी वेळ नुसत्या हात हलवत राहिल्या. मी साडीचा पदर डोळ्यांना लावला, आणि ते आजींना दिसलं तरी मला त्याचं काही वाटलं नाही.

निघताना तिच्या आईने वर बघून हात जोडले. अगदी डोळे मिटून, बराच वेळ. मला फार संकोच वाटला. मीही घाईघाईने हात जोडले आणि वरूनच मान हलवली, की अहो त्यात काय, कर्तव्यच होतं, नियम तर सगळ्यांसाठीच आहे.

आजी माझ्या मागे उभ्या होत्या.

"तुला नव्हे गे," त्या म्हणाल्या. "इला."

माझ्या शेजारी माझी लेक कठड्यावर हनुवटी टेकून, गुलाबी तोंडाने, एका हाताने मान खाजवत उभी होती.

मी हात खाली घेतले. आत गेले आणि चपलांच्या कपाटावरची कात्री उचलून स्वयंपाकघरात जागच्या जागी ठेवून दिली.