पार्सिपनीतली ऑक्टोबर छाटणी

दिगंबर बोरस्ते नाशिकजवळच्या पिंपळगावचा. म्हणजे द्राक्षांचाच म्हणा ना! पोराच्या हातात पाटी यायच्या आधी छाटणीची कात्री आली होती. पुढे इंजिनियर झाला, व्हिसा मिळाला आणि २००३ साली अमेरिकेत पार्सिपनीला येऊन दिवसभर दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधू लागला. स्वतःची एक चूक मात्र त्याला वेळेवर सापडली नाही, तिचीच ही हकीकत.

शेजारच्या घरात असुंता नावाची इटालियन म्हातारी एकटी राहायची. वय चौऱ्याऐंशी, कंबरेत वाकलेली, पण जीभ अशी की पोस्टमनसुद्धा पाकीट ठेवून सटकायचा. दिगंबरला ती ‘डिगो’ म्हणायची. त्याची बायको सुलेखा तिला तोंडावर आंटी आणि माघारी मावशी म्हणायची. मावशीच्या परसात लोखंडी नळ्यांचा मांडव होता आणि त्यावर मांडीएवढ्या खोडाची एकच द्राक्षवेल. १९४७ साली नवी नवरी म्हणून बोटीने आली, तेव्हा ओल्या फडक्यात गुंडाळून आणलेल्या काडीपासून तिने ती वाढवलेली. तिकडे दक्षिण इटलीत म्हणे प्रत्येक खोऱ्याची द्राक्षं वेगळी आणि वाइनही वेगळी. डोंगरापलीकडची वेल अलीकडे कुणी लावत नसे. हिच्या गावच्या द्राक्षाला तर नावही नव्हतं, लोक नुसतं ‘आमचं’ म्हणत. पुढे भूकंपात गाव उठलं, बागा मोडल्या, आणि त्या जातीची जगाच्या पाठीवर ही एवढीच वेल उरली. निदान मावशीचं म्हणणं तरी तसं होतं.

दर सप्टेंबरात ती तळघरात वाइन करायची. दिगंबर हौसेने मदतीला जायचा, घड वाहायचा, बुधले धुवायचा. कात्रीला मात्र ती हात लावू द्यायची नाही. "वेलीला एकच हात माहीत हवा," म्हणायची.

२००५च्या ऑक्टोबरात मावशी घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, वर न्यूमोनिया. तिच्या मुलीने फोनवर रडत सांगितलं, आता आशा नाही. दिगंबरला फार वाईट वाटलं. पण खिडकीतून ती वाढलेली वेल दिसायची आणि त्याचे हात शिवशिवायचे. पिंपळगावात ऑक्टोबर म्हणजे छाटणी! एका रविवारी दुपारी तो कात्री घेऊन गेलाच. त्याचे वडील, अण्णा, छाटताना वेलीशी गप्पा मारायचे, म्हणून हाही बोलला, "तुझी मालकीण आता काही परत येत नाही बाई. यापुढे मीच आहे तुला." शेवटची काडी तोडली आणि अख्खा मांडव थरथरला. वारा तर अजिबात नव्हता. ओझं उतरलं म्हणून हलला असेल, असं मनाशी म्हणून तो घरी आला आणि चहा प्यायला.

त्या वर्षी ऊब रेंगाळली होती. छाटणीनंतर तिसऱ्या आठवड्यात वेलीला कोवळे फुटवे आले. गडी खूश! लगेच अण्णांना फोन लावला.

"तिथे थंडी किती पडते रे?" अण्णांनी विचारलं.

"उणे पंधरा."

अण्णा फोनवरच कडाडले, "अरे गाढवा, हिवाळ्याच्या तोंडावर छाटलीस?"

दिगंबरच्या तोंडचं पाणी पळालं. नाशिकला हिवाळ्यात वेल वाढते, इथे ती झोपते. एवढी साधी गोष्ट! दोनच दिवसांनी दव गोठलं आणि सगळे फुटवे काळेठिक्कर पडले. त्याने सुलेखाच्या दोन गोधड्या नेऊन थंडी सरेपर्यंत खोडाला गुंडाळून ठेवल्या. त्या हिवाळ्यात ऑफिसला जाताना तो तिकडे बघायचंच टाळायचा.

आणि मावशी वाचली की! मार्चअखेर व्हीलचेअरवर घरी आली. वसंतात जिवंत वेल छाटलेल्या जागांमधून पाणी गाळते, वेल रडते म्हणतात त्याला. मावशी रोज सकाळी मांडवाखाली बसून वर बघायची. एक थेंब नाही. वेल कुणी कापली, हेसुद्धा तिने विचारलं नाही. एप्रिल अर्धा सरला तशी दिगंबरला अन्न गोड लागेना. शेवटी एका शनिवारी तो तिच्यापुढे जाऊन उभा राहिला.

"आंटी, मी छाटली. ऑक्टोबरात. मी मारली तुमची वेल," म्हणाला आणि बोलता बोलता त्याने खोडावर हात टेकला.

टप. मनगटावर थेंब पडला. मग दुसरा. मग मांडवभर सगळ्या जखमा गळू लागल्या.

"जिवंत आहे! आंटी, जिवंत आहे!" दिगंबर ओरडलाच. त्याने हात काढून मावशीचा हात खोडावर ठेवला. गळणं थांबलं. त्याने पुन्हा हात लावला, सुरू झालं. त्याने झटकन हात मागे घेतला.

"काय बोललास तिच्याशी?" मावशीने विचारलं.

त्याने शब्दन् शब्द सांगितला. मावशीचा चेहरा उतरला.

"आमच्याकडे मालक मेला की वारसाने त्याच दिवशी वेलीला सांगायचं, तो गेला, आता मी आहे. माझा नवरा वीतो गेला तेव्हा मी सांगितलं होतं. जिवंत माणसाबद्दल असं कुणी सांगत नाही, डिगो."

"मग आता?"

"आता तिच्या लेखी मी नाही."

दुसऱ्या दिवशी दिगंबर वेलीपुढे हात जोडून उभा राहिला. "चुकलं माझं. मालकीण जिवंत आहे गं, ही बघ, समोर बसलीय!" सुलेखाने खिडकीतून बघून कपाळाला हात लावला. त्याच्या डोक्यावर थेंब पडत राहिले, मावशीच्या खुर्चीभोवतीची जमीन मात्र कोरडी.

उन्हाळ्यात वेल बुंध्यापासून जोमाने फुटली, चार-सहा घडही लागले. मावशीला मात्र घाई झाली. कधी चुरायचं, किती दिवस ढवळायचं, कुठल्या बुधल्यात भरायचं, सगळं दिगंबरला शिकवू लागली. तिने त्याला शिव्या घालणं सोडून दिलं, आणि हेच त्याला सगळ्यांत जास्त लागलं.

सप्टेंबरात तोडणीच्या सकाळी मावशीने खुर्चीतून एका घडाकडे हात नेला आणि मध्येच थांबवला. दिगंबरकडे बघून विचारलं, "एक घेऊ का?"

दिगंबर पुढे झाला. "आंटी, असं काय बोलता! सगळं तुमचंच आहे."

"हळू बोल," ती मांडवाकडे बघत म्हणाली. "ती ऐकतेय."

त्याने घड तोडून तिच्या ओटीत ठेवला. तिने तो खाल्ला नाही, नुसता धरून बसली.

जानेवारीत मावशी गेली. मुलीचा फोन आला तसा दिगंबर कोट चढवून गुडघाभर बर्फातून मांडवाखाली गेला. टोपी काढली, खोडावर हात ठेवला आणि तोंड उघडलं. पण सांगायचं ते त्याने पंधरा महिन्यांपूर्वीच सांगून टाकलं होतं.