नियमात बसवलेला चाफा

वसईजवळच्या उमेळे गावच्या द्वारकाबाईंचा राग उतू जाणारा नव्हता, लोणच्यासारखा मुरणारा होता. त्यामुळेच तो विमान कंपनीच्या साहेबांना फार महागात पडला.

चाफ्याची कळी पहाटे खुडायची आणि सहाच्या विमानाने दिल्लीच्या बाजारात पोचवायची, ही गावातल्या चाळीस बागांची वर्षानुवर्षांची रीत. मग दिल्लीतल्या मोठ्या साहेबांनी थंडगार खोलीत बसून ठरवलं, माल आदल्या दिवशी दुपारी चारपर्यंतच घ्यायचा. रात्रभर गोदामाच्या उकाड्यात पडलेला चाफा दिल्लीत उतरेपर्यंत तपकिरी व्हायला लागला. व्यापाऱ्यांनी हात झटकले. वर्षभरात एकेका बागेवर कुऱ्हाड चालली आणि बिल्डरच्या पाट्या लागल्या. द्वारकाबाईंची बाग तेवढी उभी होती, पण मुलाने बिल्डरशी बोलणी सुरू केली होती.

बाईंनी विमानतळावर खेटे घातले. मालविभागातला मयूर दर वेळी एकच पालुपद लावायचा, की मावशी, नियम वरून आलाय, माझ्या हातात काही नाही.

एक दिवस त्याच मयूरचा फोन आला. दिल्लीत साहेबांचा सत्कार होता आणि त्यांना वसईच्या चाफ्याचे वीस हार हवे होते. पहाटे पाचला आणा, म्हणाला, तेवढ्यापुरतं फाटक उघडून देतो.

म्हणजे फाटक उघडत होतं! साहेबांच्या गळ्यासाठी एका फोनवर उघडत होतं. बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला, पण आवाज त्यांनी साखरेत घोळवला. नको रे बाबा, उगाच तुझी नोकरी जायची, आदल्या दिवशीच आणते, म्हणाल्या.

पावणेचारला हार देऊन त्यांनी पावतीवर वेळेचा शिक्का मारून घेतला. वीस हारांपुरता बर्फ परवडला असता, पण तो मात्र घातला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मयूर रडकुंडीला येऊन बाईंच्या दारात उभा होता. साहेबांच्या पांढऱ्या सदऱ्यावर काळा पडलेला चाफा आणि समोर कॅमेरे.

"पावती बघ," द्वारकाबाई म्हणाल्या. "नियमात बसवून दिलाय. साहेबांना सांग, वर्षभर आमचा माल असाच पोचत होता."

त्या दिवशी त्या पोटभर जेवल्या. पावतीचा फोटो गावच्या ग्रुपवर गेला, तिथून वर्तमानपत्रात. पंधरा दिवसांत पाचचं फाटक सर्वांना खुलं झालं आणि मुलाने बिल्डरला नकार कळवला.

पहिल्या पहाटे बाई टोपली घेऊन हजर झाल्या. त्यांच्या मागे कुणीच नव्हतं. बाकीच्यांचा माल कधी येणार, मयूरने विचारलं.

"त्यांच्या बागा कुठे गेल्या ते साहेबांना विचार," म्हणत त्यांनी टोपली काट्यावर ठेवली.