सरांचा होकार

चष्मा पुसायचा तो सदऱ्याच्या टोकानेच. चहा गार होऊ द्यायचा आणि मग कपावर रागवायचं. कुणी "सर, बरोबर ना?" म्हटलं की आधी "थांब" म्हणायचं.

पक्षाघातानंतर सवयी राहिल्या. शब्द गेले.

धर्मविद्यालयाच्या संस्थापकांनी दोन गोष्टी ठोकून ठेवल्या होत्या. शिकायला फक्त मुलगे. आणि नियम बदलायचा तर झाडून सगळ्या विश्वस्तांनी सभेत आपल्या तोंडाने होकार द्यायचा. गप्प बसणं म्हणजे नकार. सरही विश्वस्त. पुतणीचा अर्ज परत आला तेव्हापासून ते मुलींसाठी भांडत होते. आता बाकीचे वळले होते, आणि सरांचीच जीभ अडली होती.

सरांच्या पत्नी, बाई, रोज त्यांची दाढी करताना म्हणायच्या, "म्हणा, होय."

सर "ह... ह..." करत घामाघूम व्हायचे.

"अहो, मला बघायला आलात तेव्हा होकार बरा पटकन फुटला होता!"

सर हसायचे. तेवढंच.

सभेच्या दिवशी बाईंना दाराशी स्टूल मिळालं. एकेक होकार आला. विश्वस्तांतल्या वकिलांनीही दिला, मोठ्या मनाने. मुली त्यांना नकोच होत्या. पण सरांचं तोंड उघडणार नाही, मग आपण कशाला वाईट व्हायचं?

"सर, तुमचं मत?" अध्यक्षांनी विचारलं.

सरांचे ओठ हलले. आवाज नाही. त्यांनी जोरजोरात मान हलवली.

"मान चालत नाही," वकील म्हणाले. "आणि वहिनी, तिथून सुचवायचं नाही हं."

बाईंना सरांच्या मानेवरची शीर दिसत होती. तट्ट फुगलेली. पुन्हा झटका आला तर? खड्ड्यात गेली सभा, यांना घरी न्यावं. त्या उठल्याच.

तेवढ्यात सरांनी डोळे मिटले आणि गायला लागले. विद्यालयातली सकाळची प्रार्थना. जे शब्द बोलताना हटून बसले होते, ते सुरावर बसून एकामागून एक आले. थेट शेवटच्या ओळीपर्यंत.

"होय, देवा, होय."

"हे गाणं झालं!" वकील ओरडले.

"तोंड त्यांचंच आहे ना?" अध्यक्ष म्हणाले. "तुमचा होकार आम्ही आधीच लिहून घेतलाय. बसा आता."

बाई मात्र उभ्याच राहिल्या.

मुलींसाठी विद्यालयात स्वच्छतागृह नव्हतं. एक खोली मोकळी करायचं ठरलं. तिची पाटी आपणच रंगवणार, हे सरांनी स्वतःच्या छातीवर बोट ठोकून सांगितलं. डाव्या हाताने रंगवायला बसले. 'मुलीं' इतकं झालं. हात दुखला, म्हणून ब्रश धुऊन ठेवला.

पहाटे दुसरा झटका आला.

पाटीवर 'साठी'ची जागा मोकळी आहे.